उरलेला अर्धा डबा

१४ एप्रिल, मंगळवार

विषय : स्टिअरिंगच्या वर्तनाबाबत तक्रार.

महोदय (म्हणजे मीच, या वहीला दुसरा वाचक नाही), उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सदर स्टिअरिंगने माझ्या उजव्या हाताच्या चार बोटांना चटका दिला. अंगठा थोडक्यात बचावला. त्यानंतर मी ते ओढणीच्या टोकात धरून, पातेलं उतरवावं तशी गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमधून बाहेर काढली. एसीकडे दाद मागितली असता त्याने तोंडावर गरम हवा सोडली. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

वीस-बावीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात परिपत्रकं लिहिली की बाई रडतेसुद्धा मुद्देसूद.

वस्तुस्थिती अशी. अण्णा एकोणऐंशीचे. बार्शी स्टँडवर एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. आता गेले सात महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोथरूडला डायलिसिस. दहाला लावतात, दोनला सोडतात. दोन म्हणजे उन्हाची ऐन ड्यूटी. सिस्टर दर वेळी बजावतात, "मॅडम, यांचं बीपी आत्ता खाली असतं, यांना तापवू नका." मी मान डोलावते आणि अण्णांना त्या तव्यात बसवते. चांदणी चौक, भूगाव, मग घाट, मग पिरंगुट. आज एक तास चाळीस मिनिटं. प्यायला पाणीही देता येत नाही, दिवसाचं एक लिटर ठरलेलं.

बिल्डिंगखाली आल्यावर अण्णांनी मागच्या सीटवरून जाहीर केलं, "कोथरूड-पिरंगुट, पंचावन्न मिनिटं उशिरानं." मग डोळे मिटून घेतले. विनोद करून दमतात हल्ली.

१६ एप्रिल, गुरुवार

ऑफिसातून लवकर निघून भूगावच्या अमजदच्या गॅरेजला गेले. पंचेचाळिशीचा माणूस, कपाळावर ग्रीस.

"एसीचा गॅस संपलाय. भरून द्या," मी म्हटलं.

"गॅस संपत न्हाई ताई. ते काय पेट्रोल हाय का? कुटंतरी गळतो म्हणून जातो."

त्याने पुढच्या जाळीवर साबणाचं पाणी मारलं आणि एका कोपऱ्यात बोट दाखवलं. "हे बघा बुडबुडे. कंडेन्सर गेलाय. बदलावा लागंल."

"किती?"

"सात-साडेसात. दीड दिवस गाडी ठिवावी लागंल."

"आणि नुसता गॅस भरला तर?"

"भरीन की. पंदरा दिवसांत परत याल आन् मला शिव्या द्याल."

साबणाला फेस येतो हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यासाठी कुणी माझ्याकडून साडेसात हजार मागितले नव्हते. मागे शहरातल्या एका चकाचक वर्कशॉपने एका वर्षात माझा एकच फिल्टर तीनदा बदलला होता. बाई बॉनेट उघडून उभी राहिली की खिशातून वेगळं दरपत्रक निघतं, एवढं आता समजतं.

"विचार करून सांगते," म्हटलं. तो म्हणाला, "करा. पन अण्णांना घिऊन उन्हात फिरता तुमी, ते बघा. रोज बगतो हितनं."

ग्राहकाच्या मर्मावर बोट कसं ठेवायचं, हे यांना कुठल्या कोर्सला शिकवतात कोण जाणे.

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी आठला अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आज राहू दे."

"राहू दे काय? नाटकाचं तिकीट आहे का?"

"ऊन लई हाय. मंगळवारी डबल लावायला सांग त्यांना."

"डबल लावत नसतात अण्णा."

"गर्दीला जादा गाडी सोडत्यात की."

तासभर वाद घातला. मी वाढदिवसापासून कुंडलीपर्यंत सगळं काढलं. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या रजा किती उरल्या गं?"

"सहा. का?"

"काय न्हाई." आणि पुन्हा भिंत.

माणूस रिटायर होतो, त्याच्यातला वाहतूक नियंत्रक होत नाही. दुसऱ्याच्या रजा मोजायच्या, बरोबर. मी साहेबांना निरोप दिला की आज येतेय. अण्णांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. डायलिसिस चुकलं.

कारण स्पष्ट आहे. ऊन. गाडी थंड झाली की यांची सबब संपली.

१९ एप्रिल, रविवार

घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. दम लागतोय. अण्णा म्हणतात, वय आहे.

मनीषचा बेंगळुरूहून फोन. हा माझा धाकटा भाऊ. लांबून मदत करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "ताई, गॅरेजवाल्यांच्या नादी लागू नको. दहा मिनिटांचं काम आहे. बाहेर लोक घरीच करतात." पाठोपाठ व्हिडिओ आला. एक गोरा माणूस डब्याला नळी लावतो, नळी गाडीला लावतो आणि हसतो. त्याच्या अंगात स्वेटर होता.

मागवलं. दोन डबे, काटा असलेली नळी. एका डब्यात नुसता गॅस, दुसऱ्यात गॅस आणि गळती बंद करणारं औषध. सगळं मिळून अमजदच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शात. मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण घरात अण्णाच होते आणि ते झोपले होते.

२१ एप्रिल, मंगळवार

गेले एकदाचे. दोन वेळांच्या मध्ये अंगात साठलेल्या पाण्याने दोन-सव्वादोन किलो वजन वाढतं, आज चार किलो शंभर. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, अण्णांकडे नाही. "पुन्हा एक चुकलं तर पाणी फुप्फुसात शिरेल. मग रात्रीत आयसीयू. समजलं?"

समजलं. येताना अण्णांच्या डोक्यावर ओला टॉवेल. भूगावला तो वाळला.

२५ एप्रिल, शनिवार

काल त्यांना अक्षरशः ओढून नेलं. आरडाओरडा केला, शेजारच्यांनी दार उघडलं. तर आज गाडीचा निकाल लावायचाच, असं ठरवून सकाळी सातला पार्किंगमध्ये उतरले.

आमचा वॉचमन बहिरू, उरवड्याचा, खुर्ची घेऊन प्रेक्षकांत बसला.

"म्याडम, सैपाकाचा गॅस हितं कशापायी?"

"गाडीचा आहे."

"गाडी तर पेट्रोलची हाय न्हवं?"

"एसीचा रे."

"मग त्यो गॅरेजात भरत्यात."

"गॅरेजात तोच भरतात. फक्त तिथं खुर्चीवर बसून मला शिकवणारा माणूस नसतो."

बहिरूने खुर्ची दोन फूट मागे घेतली. रागाने नव्हे, स्फोटाच्या अंदाजाने.

आधी औषधाचा डबा. मग साध्या गॅसचा. हातात डबा असा गार पडत गेला की मला तो गालाला लावावासा वाटला. काटा सरकत सरकत हिरव्या पट्ट्यात आला. व्हिडिओतला माणूस म्हणतो, इथे थांबा.

पण दुसरा डबा अर्धा उरला होता. आणि डबा एकदा फोडला की त्याला पुन्हा झाकण लागत नाही. म्हणजे अर्धा डबा फेकून द्यायचा? तेलाची पिशवी चारी बाजूंनी कापून चपातीनं पुसून घेणाऱ्या घरात मी वाढले आहे. टूथपेस्ट लाटण्याने लाटणारी आमची आई. सोडला सगळा आत. थोडा जास्त असलेला बरा, पुढच्या गळतीला होईल.

"म्याडम, काटा लाल झालाय."

"काटा लाल नाही झाला, पट्टा लाल आहे."

"व्हय, त्येच म्हन्तोय."

आत बसून एसी लावला आणि थंडगार झुळूक आली. खरोखरची. मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले, काचा बंद, डोळे बंद. बहिरू काच ठोठावून विचारत होता, जित्या हाय का. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर कुणीतरी 'पार्किंगमधील ज्वलनशील प्रयोगां'बद्दल तीन ओळी लिहिल्या होत्या. मी अंगठा दाखवला.

२८ एप्रिल, मंगळवार

रस्ता मोकळा. अण्णांनी येताना शाल मागितली. शाल! "आगमन वेळेवर," म्हणाले. अमजदच्या गॅरेजवरून जाताना मी काच खाली केली नाही. कशाला करू?

अण्णांनी पुन्हा रजांचा आकडा विचारला. चार.

१ मे, शुक्रवार

महाराष्ट्र दिन आणि जोडून शनिवार-रविवार. निम्मं पुणं मुळशीचं धरण बघायला निघालेलं, आणि आम्ही त्यांच्यात, अडीच वाजता, चांदणी चौक ते भूगाव. गाडी दहा फूट सरकायची आणि दहा मिनिटं थांबायची. अशा थांब्यात तिसऱ्या-चौथ्या वेळी एसीतून काहीतरी खट्कन वाजलं आणि हवा कोमट झाली. मग गरम.

काचा खाली केल्या. बाहेरून त्याहून गरम आली.

"अण्णा, पाच मिनिटं. भूगाव आलंच."

आरशात पाहिलं तर त्यांचं डोकं काचेच्या पट्टीवर टेकलेलं आणि तोंड उघडं.

पुढचं मला नीट आठवत नाही. हॉर्न दाबून धरला, डावीकडे घातली, कुणाच्या तरी आरशाला घासली. अमजद हातातलं टाकून धावत आला. त्याने आणि त्याच्या माणसाने अण्णांना उचलून बाकड्यावर आडवं केलं, पाय दोन टायर रचून त्यांवर ठेवले, कूलर ओढून आणला, ओलं फडकं छातीवर. मी नुसती त्यांची चप्पल हातात धरून उभी होते.

दोन-तीन मिनिटांनी अण्णांनी डोळे उघडले. "कुठलं स्टँड?"

"भूगाव, अण्णा," अमजद म्हणाला.

"थांबा किती?"

"च्या हुईस्तवर."

"चहा अर्धाच," मी म्हटलं.

मग त्याने बॉनेट उघडलं. पाइपला हात लावला, आपला काटा लावला आणि माझ्याकडे वळला. "ताई, ह्यात लई जादा गॅस हाय, त्यानंच एसी बंद पडला. मागं तर रिकामी हुती. कुनी भरला?"

अण्णांचे पाय टायरवर होते. सुजलेले, मोज्यांच्या रेघा उमटलेले. त्या पायांपाशी उभं राहून 'मी' असं म्हणणं मला जमलं नाही. म्हटलं, "कोथरूडला. एका गॅरेजात."

"मशीननं?"

"मशीननं."

"डबा-बिबा? गळती बंद करायचं औषध? नीट आटवा. मशीन लावायच्या आदी मी समद्यांला इचारतो."

"नाही हो."

"ठीक. मग काढतो आन् कंडेन्सर बदलतो. गाडी ठिवून जा."

स्वतःच्या व्हॅनमधून त्याने आम्हाला घरी सोडलं. पैशाचं नाव काढलं नाही. अण्णा आता झोपलेत. मी पाच वेळा श्वास बघून आले.

४ मे, सोमवार

गाडी तयार नाही. अमजदचं गॅस काढायचं मशीन बंद पडलंय. त्याने मला एक नळी दाखवली. आत पिवळट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी घट्ट बसलेलं.

"हे तेच औषध. हवा लागली की आळतं. माझं मशीन खाल्लं, ऐन मे म्हयन्यात. भोसरीचा मानूस आठ दिवसांनी येतो म्हन्तोय." मग म्हणाला, "तुमच्या गाडीला लावलं आन् अडाकलं. पन तुमी मशीननं भरलेला, मशीनवाला कुनी औषध मारत न्हाई. तुमच्या आदी सकाळी एक कॅब लावली हुती. मारुंजीचा रोहित. त्यानंच डबा मारला असनार. इचारलं तर न्हाई म्हनाला. त्याला बी खोटं बोलायला मीच घावलो."

"तो खरं सांगत असेल," मी म्हटलं. एवढं म्हटलं.

"ताई, दोनच गाड्या. तुमी विद्यापीठातल्या बाई, तुमी कशाला खोटं बोलाल?"

मी नळीकडे बघत राहिले.

"ग्रुपवर टाकलाय त्याचा नंबर," तो म्हणाला. भूगावपासून पौडपर्यंत आणि पलीकडे हिंजवडीपर्यंतच्या गॅरेजवाल्यांचा ग्रुप असतो. एकाने गाडीचा नंबर टाकला की बाकीचे त्या गाडीला मशीन लावत नाहीत.

निघताना म्हणाला, "उद्या मंगळवार. अण्णांचं कसं? मी नेतो. मशीन बंद, मला काय काम हाय?"

नको म्हणायला तोंड उघडलं. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. "बरं," म्हटलं.

५ मे, मंगळवार

नवल. अण्णा आठला अंघोळ करून, टोपी घालून, दारात. सबब नाही, भिंत नाही. "तू ऑफिसला जा. उगं माझ्यामागं यू नको."

चारला घरी फोन केला तर आवाज टवटवीत. अमजदला म्हणे बार्शी-कुर्डुवाडी रात्रीच्या गाडीच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या. वाढलेलं वजन दोन किलो शंभर. "तुझी आजची रजा वाचली," हे दोनदा सांगितलं.

सात महिने मी यांना नेतेय. मला यांनी रात्रीच्या गाडीची एकही गोष्ट सांगितलेली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू?

७ मे, गुरुवार

आज सांगायचं ठरवून ऑफिसातून बसने भूगावला उतरले. वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य 'अमजदभाई, एक गैरसमज झालाय' असं होतं. गैरसमज! परिपत्रकाची सवय.

तिथे आधीच एक जण उभा. अठ्ठावीस-तिशीचा, दाढी वाढलेली, कॅबची चावी मुठीत.

"अमजदभाई, आईची शपथ. मी कुठून डबा मारणार? त्याच्या पैशांत माझं दोन दिवसांचं भागतं."

"शपथा नगं घालू रोहित."

"पाइप बदलायला तुम्हीच माझा गॅस काढून घेतला, आता भरून कुणी देईना. वाकडला गेलो, म्हणाले ग्रुपवर नंबर आहे तुझा. एसी नाही म्हणून सात जण अर्ध्या रस्त्यात उतरले. ॲपवाले आता बंद करतील मला. हप्ता कुठनं भरू?"

"मशीन खराब करताना हप्ता आटावला न्हाई? खोटं बोलनाऱ्याला माझ्या दारात जागा न्हाई. चल." मग माझ्याकडे वळून, एकदम मऊ आवाजात, "बोला ताई."

रोहितही माझ्याकडे बघायला लागला. मी बोलले की सुटेल अशा आशेने नव्हे. बाई आली, आता भांडण थांबवावं लागणार, अशा नजरेने.

"उद्याचं विचारायला आले होते," मी म्हटलं.

"नवाला येतो."

पिरंगुटपर्यंत उभ्याने आले. बसायला जागा होती.

८ मे, शुक्रवार

अमजद नऊला आला, साडेतीनला अण्णांना परत सोडून गेला. पेट्रोलचे देऊ केले तर हात जोडले.

जेवताना अण्णा म्हणाले, "तो कॅबवाला पोरगा आज पुन्हा आलता गॅरेजवर. रडकुंडीला आलाय. मी म्हणलं अमजदला, सोड बाबा. पर तो म्हणतो, खोटं बोलला त्याचा राग हाय." थोडा वेळ भात कालवत राहिले. "अमजद म्हणतोय म्हणजे पोरानंच केलं असंल. सरळ माणूस हाय अमजद."

मी ताट उचललं. अण्णा म्हणाले, "भात तसाच ठेवलास की."

मांडून बघते. सांगितलं तर अमजद अण्णांना नेणार नाही, का न्यावं? गाडी त्याच्याकडे उघडी पडलीय. मंगळवारी मी पुन्हा कुठली तरी तापलेली गाडी आणणार, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करणार, आणि मग फुप्फुसं. नाही सांगितलं तर अण्णा थंड व्हॅनमधून जातील, वजन दोन किलोच्या आसपास राहील, आणि मारुंजीत एक जण हप्ता चुकवेल. माझ्या बाजूने युक्तिवाद भक्कम आहे. अशा भक्कम टिपण्या मी कुलसचिवांसाठी रोज लिहिते.

९ मे, शनिवार

सांगितलं.

'गैरसमज' हा शब्द वापरला नाही. म्हटलं, "अमजदभाई, डबा मी मारला होता. औषधाचाही. घरी, पार्किंगमध्ये. कोथरूडचं गॅरेज नाहीच. रोहितने काही केलेलं नाही."

तो चाकाचे नट आवळत होता. आवळून पूर्ण केले. मग उभा राहिला.

"मी इचारलं हुतं."

"हो."

"दोन बार इचारलं. तुमच्या वडलांचं पाय माझ्या टायरवर हुतं, तवा इचारलं."

"हो."

"आन् परवा? तो पोरगा हितं शपथा घालत हुता. तुमी हितं. हितंच. त्या पिंपापाशी उभ्या हुता."

याला 'हो'सुद्धा म्हणता आलं नाही. म्हटलं, "मशीनचं बिल मी देते. तुमचं जे काय नुकसान—"

"पैशाचं मागनं बघू. त्याला फोन लावा. माझ्यासमोर."

लावला. स्पीकरवर. रोहितने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं शिव्या देईल. त्याने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही ग्रुपवर लिहून द्याल का? तोंडी नको."

अमजदने फोन काढला, एकेक अक्षर शोधत टाइप केलं आणि पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं. 'रोहितच्या गाडीचा नंबर चुकून टाकला. चूक माझी. त्याला गॅस भरून द्या.' 'चूक माझी' त्याने लिहावं हे मला बघवेना.

"माझ्या गाडीचा नंबर टाका," मी म्हटलं.

"टाकनारच हाय." आणि टाकला. 'ह्या गाडीत औषध आहे. मशीन लावू नका.' आता भूगाव ते हिंजवडी मला कुणी दारात उभं करणार नाही. विद्यापीठातली बाई.

"आन् मंगळवारचं," तो म्हणाला, "मला जमायचं न्हाई."

"नाही, बरोबर आहे."

"अण्णांवर राग न्हाई माझा."

"माहीत आहे."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. सगळं. ते म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला करायलीस गं माझ्यासाठी?" मला त्याचा राग आला. मी यांच्याकडे कबुली द्यायला गेले, आणि हे स्वतःचंच काढून बसले.

११ मे, सोमवार

उद्याची सोय नाही. मनीष म्हणतो, ॲपवरून कॅब कर, सोप्पंय. पिरंगुटला सकाळी तीन कॅबनी मागणी घेऊन रद्द केली होती, फेब्रुवारीत. आम्ही तासभर गेटवर उभे होतो. अण्णा म्हणतात, नाहीच जमलं तर राहू दे. तेच. राहू दे.

संध्याकाळी रोहितला फोन केला. हा निर्लज्जपणा आहे हे मला ठाऊक होतं, इथे लिहूनही ठेवते. विचारलं, गॅस भरला का. "भरला. वाकडला. आता गार आहे." मग विचारलं, मंगळवार-शुक्रवार कोथरूडला नेशील का, थांबण्याचेही देईन, दुप्पट देईन.

"दुप्पट कशाला? मेहेरबानी नको मॅडम. जे होतं ते द्या." मग म्हणाला, "आजोबांना काय झालंय?"

सांगितलं.

"किती वाजता यायचं?"

१२ मे, मंगळवार

अण्णा पावणेनऊलाच गेटवर. रोहितने दार उघडून धरलं तर म्हणाले, "गाडी कुठल्या डेपोची?"

"परभणी, आजोबा. सध्या मारुंजी."

"लांबची गाडी हाय म्हणजे." आणि बसले, पुढच्या सीटवर, माझ्याकडे न बघता हात हलवत. "तू जा गं ऑफिसला, उशीर करू नको."

बहिरू शेजारी उभा होता. "म्हातारं खुशीत गेलं की."

मला हे कोडं सुटत नाही. माझ्या गाडीत यांना ऊन लागतं, माझी गाडी गार असली तरी रजा आठवतात. परक्याच्या गाडीत दोन्ही विसरतात. काही माणसांना घरच्यांपेक्षा बाहेरच्यांची संगत बरी वाटते. नोंद करून ठेवते, उपाय दिसत नाही.

दिवसभर काम केलं. एक परिपत्रक एका बैठकीत पूर्ण झालं. पाठ दुखत नव्हती हे सहा वाजता लक्षात आलं.

१५ मे, शुक्रवार

भोसरीचा माणूस परवा येऊन गेला, मशीन सुरू झालं. अमजदने बिलाचा फोटो पाठवला. सोबत एक शब्द नाही.

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अण्णांना सांगितलेलं नाही, उगाच मोजत बसतील. अण्णा रोहितबरोबर कोथरूडला, मी भूगावला.

अमजद एका टेंपोखाली होता. फक्त पाय दिसत होते.

"अमजदभाई, मशीनचे पैसे आणलेत."

"फळीवर ठिवा."

मी उभी राहिले. खालून पान्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"तुमची गाडी सोमवारी घेतो. मशीन न्हाई लावायचं. समदे पाइप खोलून हातानं धुवावे लागतील, कंडेन्सर नवा, कॉम्प्रेसर उगडून बगावा लागंल. लई येळ जानार. पैसं बी जास्ती लागतील."

"लागू देत."

"परत काय भरू नगा त्यात."

"नाही."

पुन्हा पान्याचा आवाज. मी वळले तशी खालून हाक आली, "आज वजन किती वाढलेलं अण्णांचं?"

रोहितने सकाळीच कळवलं होतं. "एक किलो नऊशे."

"बरं हाय."

पाकिटात बिलाची रक्कम होती आणि त्याने न घेतलेलं दोन फेऱ्यांचं पेट्रोल. ते काही मी बोलले नाही. फळीवर ठेवलं तर पंख्याच्या वाऱ्याने ते उडायला लागलं, म्हणून शेजारचा चौदाचा पाना त्याच्यावर ठेवला आणि रस्ता ओलांडून बस-स्टॉपवर जाऊन उभी राहिले.